अहिरे काकांचा दुसरा भाग

आमच्या मजल्यावर नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की समोरचं दार उघडतं आणि अहिरे काका वही घेऊन बाहेर येतात.

भांडण मिटवायला नव्हे. उतरवून घ्यायला.

नाशिक रोडच्या या सोसायटीत आम्ही नवीन राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं आणि नितीनचं ओल्या टॉवेलवरून वाजलं. टॉवेल पलंगावर पडलेला, नितीनची सिन्नरच्या कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं, आणि त्या घाईतही त्याला ‘तू अगदी तुझ्या आईसारखी’ म्हणायला वेळ मिळाला. मी उत्तर देणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ. चष्मा कपाळावर, हातात उघडलेली वही.

“माफ करा हं. ते ‘तुझ्या आईसारखी’ टॉवेलच्या आधी आलं का नंतर? क्रम महत्त्वाचा असतो.”

नितीनने माझ्याकडे पाहिलं, मी नितीनकडे. त्याला आधी हसू फुटलं, मग मला. काका मात्र गंभीर होते. “म्हणजे मिटलं?” ते जरा निराशेनेच म्हणाले. “बरं. किती मिनिटं चाललं?”

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तीस-एक वर्षांपूर्वी त्यांनी एक कादंबरी लिहिली होती, ‘गोदाकाठी सावधान’. पंचवटीत राहणारी वैदेही आणि ऑफिसात कारकून असलेला अविनाश यांचं प्रेम. तीनशे पानं ते एकमेकांकडे बघतात, शेवटच्या पानावर अक्षता पडतात. मी वाचली आहे. वाईट नाही. फक्त अविनाश बोलताना फार उसासे टाकतो.

“लग्नापर्यंत कोणीही लिहील हो,” काका म्हणायचे. “खरी गोष्ट सुरू होते ती हार काढून ठेवल्यावर. मला दुसरा भाग लिहायचाय. संसाराचा! पण वास्तव पाहिजे, वास्तव!”

या वास्तवापायी त्यांनी कोणाला सोडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर नवीन जोडपं आलं, तर यांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, “चादरीची घडी दोघं मिळून घालता, का एकटं कोणी?” पंचवटीच्या भाजीबाजारात एक जोडपं शेजारी शेजारी बसून मेथी आणि कांदा विकतं. त्यांच्यासमोर काका तासभर उभे होते. शेवटी त्या बाईने दरडावलं, “ओ बाबा, घ्यायचं नाय तर बाजूला व्हा ना, गिऱ्हाईक दिसंना आम्हाला!” काकांनी वहीत लिहिलं: ‘धंद्यावर आवाज बायकोचा. नवरा जुड्या बांधतो. सुखी दिसतात.’ आणि तिच्याकडून चार जुड्या मेथी घेऊन आले.

कोणाचा अबोला चालू असला तर रोज सकाळी जिन्यात चौकशी: “आज कितवा दिवस?” तळमजल्यावरच्या पवारांचा अबोला तर केवळ या प्रश्नाला कंटाळून मोडला, असं पवारवहिनी स्वतः सांगतात.

मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, प्रबंध, कोर्टाची कागदपत्रं, काय येईल ते. त्यामुळे दुसऱ्या भागाचं हस्तलिखित आपोआप माझ्याकडे आलं. काका दर सोमवारी एक प्रकरण आणून द्यायचे. अक्षर कारकुनी, गोल, एकही काटाकाट नाही.

पहिली चार प्रकरणं टाइप करताना मी चक्रावले. या भागातला अविनाश पहाटे उठून चहा करत होता. लसूण सोलत होता. वैदेहीचे गुडघे दुखतात म्हणून तेल कोमट करून आणत होता. कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. आणि माझ्या खिडकीतून मला रोज जे दिसायचं ते असं, की काका व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले, वही मांडीवर, आणि सुमनकाकू आतून चहाचा कप आणून त्यांच्या हातात देताहेत. कप रिकामा झाला, की काका तो हवेत धरायचे. काकू येऊन घेऊन जायच्या.

सुमनकाकू म्हणजे सटाण्याजवळच्या खेड्यातल्या. बोलणं आता सगळं शहरी, पण राग आला की माहेरची अहिराणी बाहेर पडते. एकदा दुपारी विरजण मागायला आल्या आणि माझ्या टेबलावरचा गठ्ठा पाहून थबकल्या. “हेच का ते? बघू.”

चष्मा लावून तिथेच बसल्या. मी चहा ठेवला, तो गार झाला. दोन प्रकरणं वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“हाई काय लिखेल शे?” त्या म्हणाल्या. “लसूण? ह्या माणसानं?”

माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथे जिथे अविनाश काही काम करत होता, तिथे तिथे समासात एकच शब्द लिहिला: ‘खोटं’. चार प्रकरणांत सतरा वेळा.

त्या संध्याकाळी समोरच्या घरातून आवाज आले. या वेळी वही घेऊन बाहेर येणारं कोणी नव्हतं, कारण भांडण वहीवाल्याकडेच होतं.

“अगं, कादंबरी आहे ती. कल्पना असते त्यात.”

“मग जगाची दारं वाजवून वास्तव पाहिजे, वास्तव पाहिजे, ते कशाला करता? जे घडलं तेवढंच छापायचं. नाहीतर वैदेहीला विहिरीत ढकला आणि मोकळे व्हा. माझ्या घरात राहून खोटी बायको नाही चालायची.”

काका दोन दिवस खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात काका. सदऱ्याला राख की चहापूड काहीतरी लागलेलं.

“मनीषा, चहाला आधी साखर का आधी पत्ती?”

आता तुमच्या लक्षात आलं असेल. सतरा ‘खोटं’ पुसायचे, तर सतरा गोष्टी घडायला हव्या होत्या. लिहिलेलं तर काका मागे घेणार नव्हते. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. ते पानं घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

पुढचे दोन महिने आमच्या मजल्यावर फार मजेचे गेले. “तीन शिट्ट्या म्हणजे तिसरी वाजल्यावर बंद, का वाजायला लागल्यावर?” “लसणीची साल बोटाला चिकटते, ती कशी काढतात?” “तेल कोमट म्हणजे किती कोमट? आकडा सांग.” नितीन कंपनीतून आला की आधी विचारायचा, “आज काकांचं कोणतं प्रकरण?” एक काम जमलं की काका ते पान घेऊन काकूंच्या पुढे उभे राहायचे, शाळेतल्या पोरासारखे. काकू पेन्सिलीने लिहायच्या. चहाच्या पानावर त्यांचा शेरा मी स्वतः टाइप करताना वाचला: ‘खरं. अर्धा कप ओट्याने प्यायला.’ गुडघ्याच्या तेलाच्या पानावर नुसतंच ‘खरं’.

काकूंच्या चालण्यात फरक पडला होता. सकाळी त्याही आता व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या. काका कपबशी घेऊन हळूहळू यायचे, बशीत चहा सांडत, आणि काकू तोंड फिरवून हसायच्या.

मग अकरावं प्रकरण आलं.

त्यात अविनाशचा ऑफिसात सत्कार असतो. हॉल भरलेला, हार तयार. त्याच दुपारी निरोप येतो, की वैदेहीची आई अत्यवस्थ आहे. अविनाश सत्कार सोडतो, बायकोचा हात धरतो आणि दोघं एसटीने माहेरी जातात. आईची भेट होते. आई जावयाच्या डोक्यावरून हात फिरवते आणि डोळे मिटते. मला प्रकरण आवडलं. टाइप करताना डोळ्यांत पाणीही आलं.

काकूंनी ते माझ्याच घरी बसून वाचलं. पेन्सिल हातात होती. शेवटपर्यंत वाचलं, पानं सरळ केली, आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. एक अक्षर लिहिलं नाही.

“काकू?”

“कणीक मळायचीये,” म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी काका पानं न्यायला आले. समास कोरा पाहून आधी चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला. ते खुर्चीवर बसले. कोऱ्या समासाकडे बघत म्हणाले, “पहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं त्या दिवशी. पाचचा कार्यक्रम. बाराला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, सुमनची आई सिरियस. मी म्हटलं, तू हो पुढे, मी सकाळी पहिल्या गाडीनं येतो. आमच्या तीन वर्षांच्या पल्लवीला कडेवर घेऊन ती एकटी गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. सगळं झालेलं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. ती कधी काही बोलली नाही.” त्यांनी पानांची गुंडाळी केली. “हे काढून टाक. हे आता कसं खरं करणार?”

दुसऱ्या दिवशी मात्र ते परत आले. “नको काढू. मी पुन्हा लिहितो. घडलं तसं.”

आठवडा गेला, दुसरा गेला. सोमवारी काका रिकाम्या हाताने यायचे. एकदा त्यांनी अडलेलं पान दाखवलं. अविनाश हॉलमध्ये हार घालून उभा आहे, इथपर्यंत सगळं नीट होतं. खाली एकच ओळ: ‘वैदेही बसमध्ये बसली.’ पुढे कोरं.

“इथून पुढे मला माहीतच नाही,” काका म्हणाले. “मी नव्हतो ना त्या बसमध्ये.”

“मग काकूंना विचारा की.”

सगळ्या सोसायटीला चादरीच्या घड्या विचारणारा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला नदी ओलांडायला सांगितली. “इतक्या वर्षांत विचारलं नाही. आता कोणत्या तोंडानं?”

पण विचारलं. मी तिथेच होते, म्हणून सांगू शकते. रविवारची दुपार होती, मी काकूंकडे बसून मेथी निवडत होते. काकाही निवडत होते, देठासकट. अचानक, मान वर न करता, ते म्हणाले, “सुमन, त्या दिवशी गाडीत जागा मिळाली होती का?”

कोणता दिवस, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांचे हात मात्र थांबले.

“पिंपळगावपर्यंत उभी होते,” त्या म्हणाल्या. “मग एका बाईनं पल्लवीला मांडीवर घेतलं. देवळ्याला गाडी बंद पडली. अर्धा तास. पल्लवी पाणी पाणी करत होती. मी घड्याळ बघितलं, पाच वाजलेले. म्हटलं, आता तुम्ही उभे राहिला असाल बोलायला.”

काकांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“तुम्ही आदल्या दिवशी मला दहा वेळा भाषण म्हणून दाखवलं होतं. ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या रसिक मित्रांनो, लेखक हा एकटा असतो’, इथे तुम्ही दर वेळी अडखळायचे. मी गाडीत बसून मनातल्या मनात ते सगळं म्हटलं. तुम्हाला आठवावं म्हणून.” त्यांनी एक काडी उचलली, पानं खुडली. “घरी पोचले तर ओट्यावर माणसं. माय गेलेली होती. भाऊ म्हणाला, दाजी येतील मागच्या गाडीनं, दिवेलागणीची गाडी बघू, मग उचलू. गाडी आली. सगळे उठून उभे राहिले. एक म्हातारा उतरला आणि एक बाई. मग आम्ही मायला उचललं.”

मला उठून जावंसं वाटत होतं; मी माझी मेथी पिशवीत भरायला घेतली.

“सुमन,” काका म्हणाले, “मला त्या भाषणातलं एक अक्षर आठवत नाही.”

“मला आठवतं,” काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. चष्मा काढला, तो कुठे ठेवावा कळेना, मेथीतच ठेवला. काकूंनी तो उचलून पदराने पुसला आणि बाजूला ठेवला. नंतर त्यांचा हात काकांच्या हातावर होता, आणि मी पिशवी घेऊन हळूच बाहेर पडले.

पुढच्या आठवड्यात दोघं एसटीने सटाण्याला गेले. पल्लवी पुण्याहून फोनवर ओरडत होती, की बाबा, आईच्या गुडघ्यांचं काय, गाडी करा. काकांनी ऐकलं नाही. पिंपळगावपर्यंत ते उभे राहिले, असं काकू नंतर मला सांगत होत्या. “शेजारी जागा होती हो. तरी उभे. वेडा माणूस.” भावाच्या घरी त्या ओट्यावर दोघं दिवेलागणीची गाडी येऊन जाईपर्यंत बसले होते.

अकरावं प्रकरण मला त्यानंतर मिळालं. बत्तीस पानं आहेत, आणि काकांच्या गोल अक्षरात पहिल्यांदाच काटाकाट आहे. पुष्कळ ठिकाणी काकूंनी मधल्या ओळीत स्वतःचे शब्द घातले आहेत. अविनाशला त्यात एकही वाक्य नाही. बस देवळ्याला उभी आहे, मूल पाणी मागतंय, आणि सगळं वैदेहीच बोलते.