बाबांचं गाणं संपेपर्यंत

बाबांच्या पहिल्या पुण्यतिथीला अभंगांऐवजी अमेरिकन रॉक लावायचं चैत्रालीनं ठरवलं, तेव्हा सुबोधकाकांनी सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या वतीनं एकच अट घातली. गाणं सोज्वळ हवं.

"सोज्वळच आहे. सुरुवातीला नुसती संथ गिटार आहे."

"आणि नंतर?"

"नंतर आपण बंद करू."

गाणं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका दाढीवाल्या बँडचं होतं. आशय असा, की मी निघालो, मला अडवू नका, मी माझ्या मर्जीचा मालक आहे. बाबांनी, म्हणजे निशिकांतरावांनी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते जन्मभर दर रविवारी मोठ्या आवाजात ऐकलं, आणि दर सोमवारी त्याच कंपनीत त्याच साहेबाच्या हाताखाली वेळेवर हजर झाले. स्वतःचा टॉवेल कुठे असतो, हे या मुक्त पुरुषाला अखेरपर्यंत कळलं नाही.

ते गेल्यावर चैत्रालीनं आईला सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या आपल्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये आणलं. आईला पुण्याला परत जायचं होतं. हा विषय जेवणाच्या टेबलावर निघे आणि ताटं उचलायच्या आत संपे.

"एकटी कशी राहशील?"

"राहीन की."

"आई, इथे खाली दूध आणायला तरी कधी एकटी गेलीस का?"

यावर आई ताटं उचलायला लागे. चैत्राली तो होकार धरी. रॅफल्स प्लेसच्या बँकेत ती दिवसभर लोकांच्या जोखमी मोजायची. घरची जोखीम तिनं एका प्रश्नात मोजून टाकली होती.

शनिवारी संध्याकाळी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मंडळी जमली. तिथली म्युझिक सिस्टीम काचेच्या कपाटात असे. गार्डनं कपाट उघडलं, बाबांची सीडी घातली, गाणं सुरू केलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो फेरीला निघून गेला. नियमच तसा होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा जयघोष कुलपाआडून सुरू झाला.

संथ भाग छान पार पडला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळेसुद्धा टिपले. मग चैत्रालीनं नवऱ्याला खूण केली. तन्मय कपाटापर्यंत गेला, कुलूप हलवून परत आला.

"किल्ली?"

"गार्डकडे."

"आणि गार्ड?"

"गाण्यात सांगितल्याप्रमाणे निघून गेला."

"मग शोध ना त्याला."

तन्मय बाहेर पडला आणि गिटारी सुटल्या. तीन होत्या, आणि तिघींनाही एकाच वेळी बोलायचं होतं. श्रद्धांजलीची सभा, त्यामुळे कुणाला उठताही येईना. मंडळी हात जोडून, माना खाली घालून तो मारा सोसत राहिली. एका काकांचा पाय ताल धरू लागला, तेव्हा काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर आपली पर्स ठेवली.

शेवटी ढोल थांबले, टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे सीडीवरचं हे रेकॉर्डिंग मैफलीतलं होतं, हे चैत्रालीला तेव्हा कळलं.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," सुबोधकाका म्हणाले.

सगळे उभे राहिले. गिटार परत आली.

"बसा."

सगळे बसले. पुन्हा ढोल थांबले, पुन्हा टाळ्या.

"आता मात्र संपलं," म्हणून सुबोधकाकांनी सगळ्यांना उभं केलं, आणि ढोल दुप्पट जोरानं सुरू झाले.

"जातो म्हणतात आणि जात नाहीत," मागून कुणीतरी पुटपुटलं. "आपल्यासारखेच. आता दारात उभे राहून अर्धा तास बोलतील."

"सुबोधराव, आता उभेच राहू या," एक आजोबा म्हणाले. "गुडघे राहिले नाहीत."

तेव्हा सगळे त्या गदारोळात डोळे मिटून स्तब्ध उभे राहिले. आईला काय वाटत असेल म्हणून चैत्रालीनं शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आई बाथरूममध्ये नव्हती, पूलपाशी नव्हती, वर घरात नव्हती. घरात तिचा फोन मात्र होता.  चैत्राली फाटकाकडे धावली. तिकडून तन्मय गार्डला घेऊन येत होता.

"आंटी?" गार्ड शांतपणे म्हणाला. "आंटी गो एमआरटी लाह. क्वीन्सटाऊन मार्केट. एव्हरी डे ऑल्सो गो."

"ट्रेननं? रोज?" चैत्राली मराठीतच ओरडली.

त्याला प्रश्न बरोबर कळला. "यू गो ऑफिस, आंटी गो ड्रिंक कोपी."

चैत्रालीनं टॅक्सी केली. इतकी वर्षं सिंगापुरात काढून ती मार्केटमधल्या त्या खाऊगल्लीवजा हॉकर सेंटरला पहिल्यांदाच जात होती, त्यामुळे कोपीचा, म्हणजे कॉफीचा, स्टॉल सापडायलाच वेळ लागला. सगळी टेबलं भरलेली होती. एका टेबलाशी आई बसली होती, आणि समोरच्या खुर्चीवर तिनं टिश्यूचं पाकीट ठेवून इथल्या रिवाजाप्रमाणे जागा धरली होती.

"बस," आई म्हणाली. "येशील वाटलंच." मग तिनं स्टॉलकडे बघून एक बोट वर केलं. स्टॉलवाल्या बाईनं काही न विचारता कप आणून ठेवला.

"आई, तू बाबांच्या कार्यक्रमातून उठून आलीस?"

आई जरा ओशाळली. "मुद्दाम नाही गं. ते गाणं जोरात वाजायला लागलं आणि पाय आपोआप निघाले. रविवारी ते लावलं की तेवढा वेळ त्यांना काही लागायचं नाही. चहा नाही, चष्मा नाही, हाक नाही. मी पायात चपला घालायचे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटी कॉफी पिऊन यायचे."

"बाबांना माहीत होतं?"

"कुठलं माहीत असायला." आईनं बशीतली कॉफी पुन्हा कपात ओतली. "पण कधी मला यायला उशीर झालाच, तर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलेलं असायचं."

चैत्रालीनं कप उचलला. कॉफी गोड होती, तिला आवडते त्याहून जास्तच. तिनं सगळी संपवली.

"पुण्याचं पुढच्या महिन्याचं तिकीट बघू का?" शेवटी तिनं विचारलं.

"बघ," आई उठत म्हणाली. "आणि आता पुन्हा टॅक्सी करू नकोस. माझ्याबरोबर चल, मी सोडते तुला घरी."