दसारामजी आणि कॅसेटमधला तलाव

आमच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचं भाषण मी एका तलावावर टेप केलं. चूक माझी होती, एकट्याची होती, आणि बरेच दिवस मी ती लपवली. तलाव म्हणजे पाण्याचा नव्हे. तो कॉम्प्युटरवरचा एक खेळ होता, मीच लिहिलेला, आणि गाण्यांच्या असतात तसल्या साध्या कॅसेटवर साठवलेला. समारंभाच्या दिवशी कोरी कॅसेट सापडेना, म्हणून मी कपाटातून ही काढली. अर्ध्या तासात तलाव आटला.

पण ही हकीकत माझ्यापेक्षा दसारामजींची जास्त आहे.

दसाराम कापगते हे मोहाडीच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एका सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले, आणि दसारामजींच्या अंगचा एक गुण जगासमोर आला. त्या कॉम्प्युटरमध्ये खेळ भरायचा म्हणजे त्याला टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावायची. मग पाच-सहा मिनिटं अशी किंचाळी ऐकू यायची की शेजारच्या वर्गातले संस्कृतचे सर खिडकी लावून घेत. मला ती सगळी किंचाळी एकसारखी वाटे. दसारामजी मात्र एक हात वर करून, मान तिरपी करून ती ऐकत आणि मध्येच सांगत, "नाही जी, बंद करा. हिले सर्दी झाली."

आणि खरंच, शेवटी पडद्यावर चूक झाल्याचा इंग्रजी मजकूर यायचा.

मग ते कानावर विडीसारखा खोचलेला बारीक पेचकस काढत, टेपरेकॉर्डरच्या झाकणातल्या भोकातून आत घालत, केसभर फिरवत आणि पुन्हा हात वर. या वेळी चेहरा उजळे. "आयका जी, आयका! पानी वाटेत आहे." पानी वाटेत आहे म्हणाले की खेळ हमखास भरला जाई. नागपूरला तीन आठवडे प्रशिक्षण घेऊन आलेला मी तिथे नुसता बघत उभा.

ते ऐकत असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा खुद्द मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन आले आणि सांगू लागले, "हे बघा, हे आपलं आधुनिक..." दसारामजींनी मागे न बघताच दटावलं, "चूप बसा ना जी! शेवटची बांधी भरून राहिली." मुख्याध्यापक चूप बसले. पाहुणेही बसले.

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, आणि ती माझ्या खेळात कशी आली तेही सांगायला हवं. गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटून द्यायचं, असा मी खेळ लिहिला होता. पहिल्या दिवशी दसारामजी मागे उभं राहून बघत होते. त्यांना हसू आवरेना.

"काय झालं?"

"गुरुजी, हा तलाव आहे का नळ? सगळ्याईले सारखं पानी?"

त्यांचे वडील गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचं हे ठरवणारा गावाने नेमलेला माणूस तो पाणकर. नोकरी लागेपर्यंत दसारामजींनीही ते काम केलं होतं. चौथी पास माणूस, पण त्या दुपारी त्यांनी मला माझाच खेळ शिकवला. तलावाजवळच्या बांध्या न मागता झिरप्यानेच पितात. पाणी आधी शेवटच्या बांधीला पोचवायचं आणि मग मागे मागे यायचं. मी खेळ तसा बदलला. शेवटची बांधी सुकली की डाव गेला. पोरं त्यावर इतकी भांडू लागली की मला वेळापत्रक लावावं लागलं.

त्याच योजनेतले तसलेच कॉम्प्युटर जिल्ह्यातल्या आणखी चार शाळांकडे होते. त्यांनीही खेळ मागितला. टपालाने पाठवलेली कॅसेट कधी तुटून पोचे, कधी पोचतच नसे. तेव्हा दसारामजी म्हणाले, "मी नेऊन देतो ना जी. इतवारी मले काय काम आहे?" मी खेळात काही सुधारलं की ते नव्या कॅसेटी पिशवीत घालून रविवारी एसटीने निघत. शाळा बंद असली तरी तिथले गुरुजी गावात राहत, ते कुलूप उघडून देत. आमचे राऊतबाबू कार्यालयातून ओरडत, "काय जावईबापू, या इतवारी कोणतं सासर?" दसारामजी टोपी नीट करून म्हणत, "लाखांदूरकडलं. तिथं मान जास्त आहे."

मला वाटे, माणसाला फिरायची हौस आहे. यापुढे मी विचार केला नाही.

तीन-चार वर्षांनी शाळेला नवा कॉम्प्युटर आला. याला कॅसेट नको, पातळ चौकोनी तबकडी घातली की झालं. किंचाळी नाही, पेचकस नाही. मी उन्हाळ्याची अख्खी सुटी घालून तलाव नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहिला. तो जुन्यावर चालणार नव्हता. दोन्ही यंत्रांसाठी लिहायचं तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, दोनदा तपासायची, आणि करणारा मी एकटा. म्हणून मी ठरवलं, जुन्या यंत्रासाठी आता एक ओळसुद्धा लिहिणार नाही. हा निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण तो मी कोणाला सांगितला नाही. नुसता थांबलो. जुने कॉम्प्युटर खाकी कापडाखाली गेले, आणि त्याच दिवसांत ते भाषणाचं घडलं. कपाटातली ती कॅसेट जुन्या तलावाची मूळ प्रत होती. आता कोणाला लागणार, अशी मी मनाची समजूत घातली.

दिवाळीनंतर लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेतून शेंडेबाईंचं पोस्टकार्ड आलं. त्या तिथे गणित शिकवत. त्यांनी लिहिलं होतं, "येत्या सोमवारी तपासणी आहे. कॉम्प्युटर वापरात दिसला नाही तर परत नेणार आहेत. आमची तलावाची कॅसेट झिजली, भरत नाही. पोरांना येतं ते तेवढंच. एक प्रत पाठवावी ही विनंती."

मी काय करायला हवं होतं? मूळ प्रत माझ्या हातून पुसली गेली, एवढं लिहायचं. त्याऐवजी मी पोस्टकार्डावर तत्त्वज्ञान लिहिलं. जुन्या यंत्रांना कवटाळून बसणं विद्यार्थ्यांच्या हिताचं नाही, आपण नव्या यंत्राची मागणी करावी, जुन्या आवृत्तीचं काम आम्ही बंद केलं आहे. सही करून कार्ड टाकायला दसारामजींच्या हाती दिलं.

पोस्टकार्ड न वाचता पेटीत टाकणारा शिपाई मी अजून पाहिलेला नाही. पाच मिनिटांत ते कार्ड घेऊन परत आले.

"गुरुजी, हे काय लिहून राहिले तुमी?"

"खरं तेच लिहिलं. किती दिवस दोन-दोन यंत्रांची कामं करायची?"

"बंद करा ना जी, कोण नाही म्हणते? तलावाचाही तुडूम बंद करतेतच." तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. "पण बंद कराच्या आधी पाणकर शेवटच्या बांधीपर्यंत पायी जाते. तिथं उभा राहून हाक देते, बंद करून राहिलो होऽऽ, कोणाचं राहिलं आहे का? कोणाचं धान निसवलं, लोंबीवर आलं असन तर दोन दिवस थांबते. उभ्या पिकावर कोणी तुडूम बंद करते का? मी तर आयकलं नाही बाप्पा."

"हे धान नाही, दसारामजी. खेळ आहे."

"बाईचं मशीन सोमवारी उचलून नेतेत. तिच्यासाठी धानच आहे ते." आणि ते कपाटाकडे वळले. "तुमाले टाइम नसन तर नोको. मी काढतो एक कापी."

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत कॅसेट लागली होती. दसारामजींनी सवयीने हात वर केला आणि मान तिरपी केली. टेपरेकॉर्डरमधून आवाज आला, "विद्यार्थी मित्रहो, आज माझं अंतःकरण भरून आलं आहे..."

हात तसाच वर राहिला. त्यांना वाटलं, भाषणाच्या मागे तलाव असेल. तो माणूस अख्खं भाषण तसाच ऐकत उभा राहिला. बालपण झालं, पहिली नेमणूक झाली, सहकाऱ्यांचे आभार झाले, टाळ्या झाल्या. शेवटी फीत संपून खटका पडला. त्यांनी हात खाली घेतला.

"पानी नाही जी यात," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं, आणि काहीच न विचारता निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन खोल्या, स्वच्छ सारवलेल्या. खाटेवर एक जुना टेपरेकॉर्डर, आणि तीच किंचाळी. शेजारची म्हातारी कुंपणावरून मला म्हणाली, "तुमीच का ते मास्तर? दर इतवारी हेच भजन लावते हा बाबा. काहून लावते त्याचं त्यालेच मालूम."

खाटेवर पाच कॅसेटी ओळीने मांडल्या होत्या. मी सुधारलेला खेळ देत असे तेव्हा दर वेळी दसारामजींनी एक प्रत स्वतःसाठी काढून ठेवली होती. फीत चिकटू नये म्हणून आळीपाळीने वाजवत होते.

"शेतकरी बियानं ठेवते ना जी घरात," ते म्हणाले. मग एक कॅसेट उचलली. "या पाचांत हीच आहे बराबर. बाकीच्या घोगऱ्या झाल्या."

"दसारामजी, मूळ प्रत माझ्या हातून पुसली गेली."

"ते मी अख्खं आयकलं," ते म्हणाले. "सायेब चांगले बोलले."

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघं निघालो. भंडाऱ्याला गाडी बदलली. पोचलो तेव्हा तपासणीचे साहेब येऊन बसले होते, आणि शेंडेबाई कोऱ्या पडद्यासमोर रडवेल्या होऊन उभ्या होत्या. दसारामजींनी रामराम घातला, कॅसेट लावली, हात वर केला. अर्ध्या मिनिटात हात खाली. "हिले सर्दी झाली." कॅसेटला नव्हे, तिथल्या टेपरेकॉर्डरला. साहेबांनी घड्याळ बघितलं. पेचकस आत गेला, केसभर फिरला, पुन्हा सुरुवात. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते माझं मलाच माहीत. बाई मला हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं कार्ड आलं नाही." ते दसारामजींनी टाकलंच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी पोरांच्या बाकावरच बसलो.

"पानी वाटेत आहे जी," दसारामजी म्हणाले.

पडद्यावर तलाव आला. पोरं तुटून पडली. एका पोरीने पाणी वाटायला घेतलं, तर मागून चार जण ओरडले, "शेवटच्या बांधीले आधी दे ना वं!" साहेब स्वतः एक डाव खेळले, हरले, पुन्हा खेळले. मशीन तिथेच राहिलं.

नंतर आम्ही गावातून एसटी स्टँडकडे निघालो, ते सरळ जाताच येईना. "अरे बाबा, किती दिवसांनं!" दुकानदाराने बाकडं पुसलं. एका घरातून चहा आला. शाळेच्या शिपायाच्या बायकोने बांधावरच्या तुरीच्या शेंगा उकडून पुडीत बांधून दिल्या. "दिवाळीले काहून नाही आले जी? वाट पाहून राहिलो होतो." दसारामजी लाजून हसत होते, सारखी टोपी नीट करत होते. हा माणूस मी शाळेत कधी पाहिला नव्हता.

स्टँडवर शेंगा सोलता सोलता मी विचारलं, "इथं तुमची इतकी ओळख आहे. मग सात-आठ महिने आला का नाहीत?"

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

"तुळसा गेल्यापासून घरी इतवार सरत नाही, गुरुजी," ते म्हणाले. बायको जाऊन पाचेक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. "कॅसेट होती तर जात होतो. चार गावं होती मले. तुमी कॅसेट बंद केली. बिनाकामानं कोणाच्या दारात कसं जाव?"

मी जुन्या यंत्राचा विचार केला होता, माझ्या वेळेचा केला होता. पिशवी घेऊन एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचा केला नव्हता. जुना तलाव मी पुढे आणखी दोन वर्षं सांभाळला, आणि बंद करायच्या आधी दसारामजींबरोबर चारही गावांना जाऊन सांगून आलो. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा गाडी लागत होती, लोक दाराशी रेटारेटी करत होते.

"दसारामजी," मी म्हणालो, "चुकलो मी. कॅसेट पुसली ते तर आहेच, पण न सांगता बंद केलं, तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. माफ करा मला."

"काय म्हणता?" ते ओरडले. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. मग मी तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.