एकोणतीसपैकी एकोणतीस

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावातले एकोणतीस वृद्ध सरकारी नियमानुसार विसराळू ठरले. त्याआधी ते नुसतेच विसराळू होते, पण त्याला काही अर्थ नव्हता. नोंद झाल्याशिवाय आमच्याकडे माणसाला धड विसरताही येत नाही. फॉर्म मीच भरले, म्हणून हे ठामपणे सांगतो. मी आळीप्रमुख. म्हणून सगळे मला हुद्द्यानेच पाक एर्ते म्हणतात. माझं खरं नाव बायकोलाही आठवावं लागतं, पण तिची नोंद नाही.

झालं असं, की भाताच्या बांधावर उगवणारी पेगागन, म्हणजे काहीजण जिला ब्राह्मी म्हणतात ती, जाकार्ताच्या एका स्मृतिसंवर्धन केंद्राच्या नजरेत भरली. आमच्या घरांत तिची पानं पिढ्यान्‌पिढ्या जेवणाबरोबर कच्ची खातात. केंद्राने त्यातला एक घटक वेगळा काढला, त्याला क्रमांक दिला, कॅप्सूलमध्ये भरला आणि झिजणाऱ्या मेंदूवर तो चालतो का हे बघायला आमचं गाव निवडलं. जावा बेटावरच्या लावू नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी हवा चांगली आणि माणसं नम्र, असं कारण कागदात दिलं होतं.

वार्तिनीला त्या घटकाशी काही देणंघेणं नव्हतं. ती पाठीवर टोपली बांधून दारोदार जामू, म्हणजे पाल्यामुळ्यांचा काढा, विकते. बापाला तिने दोन वर्षं रोज पेगागनचा रस पाजला होता. तिला हवा होता आरोग्यकेंद्राचा ओटा. नोंदलेल्या विसराळूंना सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तिथे बसवणार होते, नर्स लक्ष ठेवणार होती, पेजही मिळणार होती. तोवर वार्तिनी कामाला निघताना बापाला, म्हणजे गाव ज्यांना म्बाह, आजोबा, म्हणतं त्या कार्तोविर्योंना, आत ठेवून दाराला बाहेरून दोरी बांधायची. एकदा दोरी बांधायची राहिली, तर म्हातारबाबा कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे सापडले. म्हशी धुवायला आलोय, म्हणाले. म्हशी विकून तीस वर्षं झाली होती.

"पाक एर्ते, बापाला गुरासारखं बांधते मी," फॉर्म न्यायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली.

मी घसा खाकरला आणि ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स मागितल्या.

नोंदणीच्या दिवशी म्बाहांना नाव विचारलं. ते म्हणाले, गिमिन. ओळखपत्रावर कार्तोविर्यो. आमच्याकडे लग्नात पुरुषाला मोठेपणाचं नवं नाव देतात; म्हातारबाबांच्या डोक्यातून लग्नच गेलं, त्याबरोबर नावही गेलं. कारकुनाने शेरा मारला की उपस्थित इसम गिमिन नावाचा कोणी वेगळाच असून रुग्ण गैरहजर आहे. वार्तिनीचा चेहरा पार उतरला. मग मी दाखला दिला, की गिमिन हे लग्नापूर्वीचे कार्तोविर्यो असून सध्या लग्नापूर्वीच राहतात. दाखल्यावर शिक्का होता, म्हणून चालला.

प्रयोग बारा आठवड्यांचा होता. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्या पिठाची, आणि कोणाला कुठली हे कोणालाच ठाऊक नाही. हे काही गावाला पटेना. एकाच ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांत असा दुजाभाव करून शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? नर्स बू पार्तियाह मोठी कनवाळू बाई. तिने सगळ्या कॅप्सूल फोडल्या, पूड शेंगदाण्याच्या चटणीत कालवली आणि एकोणतीस ताटांत सारखी वाढली. वहीत मात्र तिने ज्याच्या त्याच्या क्रमांकापुढे न चुकता खुणा केल्या. शास्त्राचाही मान राखायला हवा.

त्या बारा आठवड्यांत वार्तिनीने दाराला दोरी बांधली नाही. तिच्या काढ्याची चवसुद्धा सुधारली. हल्ली गूळ जास्त पडतो वाटतं, असं मी चिडवलं, तर म्हणाली, तुमच्या पेल्यात तरी नाही घालत, तुमचं पोट बघा. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दिवशी केंद्राचे डॉक्टर हेंद्रार्तो आले. सोबत कॅमेरा, आणि इस्त्रीच्या बाटिक शर्टात तालुक्याचे साहेब. आता, आमच्याकडे बाहेरून आलेल्या मोठ्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. मान झुकवून 'होय जी' म्हणतात आणि मनातलं मनात ठेवतात. कुठलं होय म्हणजे होय आणि कुठलं म्हणजे नाही, हे आमचं आम्हाला कळतं. जाकार्ताच्या प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता.

आधीपेक्षा जास्त आठवतं का, असं विचारलं गेलं. एकोणतीस वेळा होय जी. एका आजीने तर प्रश्न विचारायच्या आतच होय जी म्हणून टाकलं; तिची प्रगती विशेष उल्लेखनीय ठरली.

म्बाहांची पाळी आली. डॉक्टरांनी वार्तिनीकडे बोट दाखवलं.

"आजोबा, यांना ओळखता ना?"

"होय जी," म्बाह म्हणाले, आणि कोणी परक्या बाई आल्या आहेत असं समजून अदबीने सरकले, त्यांना बसायला जागा करून दिली. वागण्यातलं सौजन्य हेही डॉक्टरांनी सुधारणेत धरलं.

"आणि ताई, तुम्हाला फरक जाणवतो ना?"

वार्तिनी माझ्याकडे बघू लागली. कॅमेरा चालू होता, साहेब ताटकळत उभे होते, चहा गार होत होता. मी तिला डोळ्यांनी दटावलं. हे मी लपवत नाही.

"होय जी," ती म्हणाली.

सोमवारी ओटा बंद झाला. रीतसरच झालं, बऱ्या झालेल्या माणसांवर लक्ष कशाला ठेवायचं? वार्तिनी त्याच सकाळी माझ्याकडे आली. बापाची पुन्हा विसराळूंत नोंद करा, म्हणाली. मी नियम काढले. नियम सहा म्हणतो, पुनर्नोंदणीसाठी रुग्णाने स्वतः हजर राहून आपल्याला आठवत नाही असं सांगावं. त्याखालची टीप म्हणते, आपल्याला आठवत नाही हे ज्याच्या लक्षात आहे, त्याची स्मृती शाबूत समजावी. मी दोन्ही वाक्यं तिला सावकाश वाचून दाखवली. समजावून सांगण्यात मी कधी कसूर करत नाही.

"कागद राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही रोज बघता त्यांना. तुम्हीच सांगा, ते बरे झालेत का?"

तालुक्याचे साहेब शेजारच्याच खुर्चीत बसले होते. गावाच्या सहकार्याबद्दलचं मानपत्र घेऊन आले होते, त्यावर नाव माझं होतं.

"झालेत की, वार्तिनी," मी म्हणालो. "एकोणतीसच्या एकोणतीस."

तिने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तिने मान झुकवली.

"होय जी," ती म्हणाली, आणि ते कुठलं होय होतं हे मला लगेच कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना काही कळलं नाही, ते म्हणाले, बाई समजूतदार आहे.

कॅप्सूल आता दुकानात मिळते. डबीवर मोठ्या अक्षरांत छापलंय, एकोणतीसपैकी एकोणतीस. खप चांगला आहे. तुम्हीही घेतली असेल, आईसाठी. महिनाभर रोज न चुकता दिली असेल. एके सकाळी कामाला निघताना, पायात चपला सरकवता सरकवता तुम्ही तिला विचारता, आई, फरक वाटतोय ना गं? ती तुमची घाई बघते आणि हो म्हणते. तुमचा जीव भांड्यात पडतो आणि तुम्ही दाराला बाहेरून कुलूप लावता.