दत्तारामभावजींचा मंगळ

जरा इकडे जवळ सरका बघू. काय हो, लालबागला मसाला कुटायला येता, पिशव्या भरभरून नेता, आणि आमच्या दत्तारामभावजींचा मंगळ न बघताच परत जाता? शोभतं का हे?

मंगळ म्हणजे माझा तवा. खरंच सांगते! भाकऱ्या भाजून भाजून काळपट-तांबडा झालेला. भावजींनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटरात त्याची दांडी कापली, मागे काळं आभाळ लावून चांदण्या शिंपडल्या. खालची पांढरी जमीन म्हणजे माझ्याच बरणीतलं खडेमीठ. मी विचारलं, "भावजी, माझा तवा?"

"वयनी, तवो न्हय तो, मंगळ आसा!"

आयुष्यभर परळच्या एका स्टुडिओत होते. फोटोत डोळे मिटलेल्या कितीतरी नवरदेवांचे डोळे यांनी उघडून दिलेत. आता आमच्या समोरच्या घरात एकटेच असतात आणि ग्रह घडवतात. चाळीत होतो तेव्हा दारं सताड उघडी असायची. टॉवर झाला तशी समोरासमोर असूनही सगळ्यांची बंद. एक भावजी तेवढे बेल वाजवतात, भांडं मागायला. दुधाचं करपलेलं पातेलं दिसलं की यांना गुरू सापडतो!

नेतात, पण परत म्हणून देत नाहीत. माझं आप्पेपात्र असंच अडकलं. रविवारी नातवाला आप्पे हवे होते. कधीही मागा, यांचं एकच, "अजून उजेड बरो गावाक नाय, वयनी." फोटोला चांगला उजेड मिळत नाही म्हणे!

शेवटी पदर खोचून गेले. बघते तर स्क्रीनवर माझं आप्पेपात्र चंद्र होऊन बसलेलं, खळगे-बिळगे सगळे जागच्या जागी! मागे माझी लोणच्याची बरणी रॉकेट होऊन उडालेली.

"हे कधी झालं?"

"नेलंय त्याच दिवशी," भावजी खाली बघत म्हणाले.

"मग परत द्यायला काय झालं होतं?"

त्यांनी चहाचा दुसरा कप पुसून माझ्यापुढे ठेवला. "धाडून दिलंय असतंय, तर तुमी कित्याक इला असतात?"

चहा प्यायले. सगळे ग्रह बघितले. निघताना आप्पेपात्राकडे बघितलंसुद्धा नाही. रविवारी नातवाला पोहे घातले.

सध्या माझी परात तिकडे आहे. शनी व्हायचाय म्हणे तिचा. मी काही मागत नाही, नुसती तिची चौकशी करायला जाते. चौकशीला तासभर सहज लागतो.

तेव्हा तुम्हीही या, आणि लवकर या. येताना घरातलं एखादं भांडं आणा. जाताना ते तिथेच विसरा.