सुखदेव अण्णा भेटायला जातात

तुमच्या घरच्या लग्नाला सुखदेव अण्णा येतील, याची मी काही हमी देत नाही. पण तुमच्याकडं कुणी वारलं असेल, तर निश्चिंत राहा, अण्णा येणार. ओळख असो नसो. त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत पांढरी टोपी कायम घडी घालून ठेवलेली असते, आणि सकाळी पेपर आला की आधी निधनवार्ता.

जाफराबादला त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, त्यामुळं त्यांचे नियम मला पाठ आहेत. गेल्यावर आपण बोलायचं नाही. घरच्या माणसाला बोलू द्यायचं, आणि तो पोटभर बोलल्याशिवाय उठायचं नाही. "गुर्जी, लोकं दोन मिनिटं टेकतात अन् निघतात. हे काय भेटणं झालं? ही तर हजेरी!" असं मला सुनावतात. मी शाळामास्तर, हजेरी माझाच धंदा, म्हणून मुद्दाम.

एकदा तर या बहाद्दरानं कमालच केली. कुठं जाफराबाद, कुठं वडीगोद्री! पेपरात नाव वाचून गेले आणि चुकीच्या घरात शिरले. ओसरीवर बसून डोळे पुसायला लागले. घरमालकाला वाटलं, कुणीतरी लांबचा पाहुणा दिसतोय, आपल्यालाच खबर मिळाली नसेल. तोही बिचारा रडायला लागला. दोघं चांगले रंगात आले असताना आतून त्याचे वडील आले. "का रे, कोण गेलं?" अण्णांनी शांतपणे चहा घेतला, म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि शेजारच्या घरात गेले. तिथं दीड तास बसले.

मी हसतो त्यांना, सगळेच हसतात. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, कोरोनात गेल्या. मूलबाळ नाही. त्या दिवसांत कुणी कुणाकडं जात नव्हतं, त्यांच्याकडंही कुणी आलं नाही. मीसुद्धा नाही. तोंडाला रुमाल बांधून अंगणातल्या मधल्या भिंतीवर डबा ठेवायचो आणि झटकन मागं फिरायचो. पुढं सगळं खुलं झालं, तोवर बरेच महिने लोटले होते. आता जाऊन काय बोलायचं, असं म्हणत राहून गेलं ते गेलंच. अण्णांचं हे भेटायला जाणं त्यानंतरच एवढं वाढलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायकोनं दीवला जायचं ठरवलं. बेट, समुद्र, चार दिवस आराम. अण्णांना मोबाइलवर तिथले फोटो दाखवत होतो, त्यात एकाहत्तरच्या लढाईत बुडालेल्या जहाजाचं स्मारक आलं. अण्णांनी माझा हात धरला.

"किती पोरं गेली?"

"लई गेली, अण्णा."

"अन् आपण अजून भेटायला गेलो न्हाई?"

"अहो, पन्नास वर्षं होऊन गेली!"

"मंग तर लईच उशीर झाला. माझं बी तिकीट काढा."

बायकोनं कपाळाला हात लावला. "आपण सुट्टीला चाललोय की सुतकाला?"

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर गेलो. अण्णांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पाणी, अन् घोटभर बी कामाचं न्हाई! आमच्याकडं टँकर आला की भांडणं होऊन राह्यलीत." पॅराशूटवाला मागं लागला, "चाचा, ऊपर जाना है?" अण्णा म्हणाले, "जाना है, पन अभी टाइम है."

दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते सकाळीच तयार. स्मारक उंचावर आहे. काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती, मागं नुसता समुद्र. लोक पेटीला टेकून फोटो काढत होते. अण्णांनी समोर उपरणं अंथरलं आणि मांडी घातली. अर्धा तास झाला, तास झाला. कंटाळून बायको खाली किनाऱ्यावर गेली. शेवटी तिथला राखणदार आला.

"चाचा, तबीयत ठीक है?"

"बिलकुल. इनके घर के लोग किधर हैं?"

"आज तो कोई नहीं है."

"कोई हरकत न्हाई. मैं बैठता हूं."

दोन तास झाल्यावर माझं डोकं सरकलं. ऊन चढलेलं, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हे जागचे हलायला तयार नाहीत. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अण्णा, उठा आता! इथं घरचं कुणी नाही! कुणी बोलणार नाही तुमच्याशी!"

अण्णांनी मान वळवली नाही. हळूच म्हणाले, "इथं आलेले मायंदाळ हायेत, घरचं कुणी न्हाई. माझ्याकडं उलटं होतं, गुर्जी. घरचा मी होतो. तेरा दिस ओसरीवर सतरंजी टाकून बसून होतो. आलं कुणीच न्हाई."

सणसणीत कानफटात बसावी तसं झालं मला. ती सतरंजी मी पाहिली होती. डबा ठेवताना रोज दिसायची.

लाज वाटली. मी त्यांच्याशेजारी बसलो. पाच वर्षं माझ्या तोंडातून न निघालेला प्रश्न एकदाचा विचारला. "अण्णा, काकूंना काय झाल्तं?"

अण्णा सांगायला लागले. अगदी पहिल्या खोकल्यापासून. काढा कशाचा केला, ताप कुठल्या दिवशी चढला, गाडीसाठी फोन कुणी केला. लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

"गाडी दारात आली," अण्णा म्हणाले. "आपल्या पायानं चालत गेली ती, गुर्जी. चढताना म्हन्ली, गॅसवर दूध हाय, तेवढं बघा. मी आत पळालो. दूध वर आल्तं. गॅस बंद करून भाईर आलो, तर गाडी वळणावरून निघून गेल्ती."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उतू जाऊ दिलं न्हाई मी. एक थेंब बी न्हाई."

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ते हमसून हमसून रडायला लागले. पुरुषासारखा पुरुष, थांबेचना. माझेही डोळे भरून आले. तेवढ्यात बायको जेवायला बोलवायला वर आली. तिनं आमच्याकडं पाहिलं, चपला बाजूला काढल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन अण्णांच्या पलीकडं बसली.