एकशे तीनचा ताप

लेकीने आपला फोन बाबांच्या हातात दिला आणि उशीत तोंड खुपसलं. "कंपनीतून विचारलं तर खरं ते सांगा. डोकं थकलंय, डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितलीय."

बाबा निवृत्त ग्रंथपाल. जन्म पुस्तकांत गेला. परक्याशी बोलायचं म्हटलं की शब्द सुचत नसत. त्यातून लेक गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या विभागात इंजिनिअर. डोकं थकलं म्हणावं, तर लोक म्हणणार, बाईमाणसाला झेपलं नाही!

फोन वाजलाच. कंपनीचे सुरक्षा अधिकारी होते.

"काका, मॅडम आल्या नाहीत?"

"ताप आलाय," बाबा पुटपुटले.

"फार?"

"एकशे तीन."

"अंगावर पुरळ?"

बाबांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. "आहे थोडं."

"अरे देवा! काल सगळे एकाच टेबलावर जेवलेत!"

तासाभरात विभागाला कुलूप लागलं, माणसं घरी गेली. दुपारी लेकीच्या हाताखालच्या पोराचा फोन आला. "काका, किती दिवसांनी पोटभर झोपलो! ताप एवढ्यात उतरू देऊ नका हां."

बाबांनी घाईने फोन ठेवला. पाठोपाठ अधिकाऱ्यांचा फोन आला, "संध्याकाळी मॅडमचं रक्त तपासायला माणूस पाठवतोय."

आता लबाडी उघडी पडणार आणि नोकरी जाणार पोरीची! बाबांनी वळून पाहिलं, तर लेक दारात उभी.

"कसला ताप आलाय मला?"

"लाज वाटली गं, खरं सांगायची."

"माझी?"

"नाही," बाबा म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं 'नाही', आणि तेही खोटं. लेक आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ते मात्र बाबांना सोसवेना.

त्यांनी थेट विभागप्रमुख बाईंना फोन लावला. आपण वीस वर्षांत एकही रजा घेतली नाही, असं त्या सगळ्यांना ऐकवत असत.

"मॅडम, ताप नाही, पुरळही नाही. कामाने पोरीचं मन थकलंय. लाजेपोटी मी खोटं बोललो. शिक्षा मला करा, पण डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, ती आठवडाभर येणार नाही."

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"काका," बाई कुजबुजल्या, "त्या डॉक्टरांचा नंबर द्या ना. आणि कुणी विचारलंच, तर... मलाही ताप आलाय म्हणा."