गावंडे काका आणि दाराआडची माणसं

व्हिडिओ कॉल लागला की माणसं आधी नमस्कार करतात. आमचे गावंडे काका म्हणतात, "मोबाईल फिरवा."

समोरचा बिचारा फिरवतो. पलंग, कुलर, देवाचा फोटो, दोरीवरचे टॉवेल, सगळं काकांच्या नजरेखालून जातं. "थांबा. त्या दाराआड कोन हाय?" दाराआड सासू असते. "आजी, तुमी जरा वावरातून जाऊन या." भर दुपारी आजीला शेत गाठावं लागतं.

आमचं अमरावतीचं ऑफिस लोकांना उपचारांबद्दल विचारतं. रोज गोळी घेऊन मळमळ सोसाल, की महिन्याला एका इंजेक्शनसाठी लांब जाल? माणूस काय निवडतो ते नोंदवायचं. एवढंच काम. काकांनी त्याची घरझडती करून टाकली.

पूर्वी ते एसटीने धारणी, अकोट पालथं घालायचे आणि लोकांच्या ओसरीवर बसून घरच्यांनाच हाकलायचे. मुलाखती मोबाईलवर आल्या तसा त्यांनी उच्छाद मांडला. नांदगाव पेठच्या एका कामगाराला त्यांनी पलंगाखाली मोबाईल धरायला लावला. तिथे मांजर होतं. तेही बाहेर काढलं. "तिसरं कोनी आयकत नाई, याची आपल्याले खात्री पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःला म्यूटचं बटण सापडत नाही, कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दिसतं, पण दुसऱ्याच्या घराचा कोपरा न् कोपरा बघायचा असतो.

साहजिकच त्यांच्या मुलाखती सगळ्यात कमी व्हायच्या. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मला निरोप आला: या माणसाला ठेवायचं की काढायचं, ते कळवा. मी त्यांचा सुपरवायझर, आणि मला फार विचार करायचाही नव्हता. तरी रीत म्हणून एका मुलाखतीला त्यांच्या शेजारी बसलो.

मोबाईलवर अकोटच्या एक बाई होत्या, किडनीच्या आजारी. डायलिसिस अकोल्याला जाऊन घ्याल की घरीच, असा प्रश्न काकांनी वाचला. बाईंनी तोंड उघडलं तोच, मोबाईल फिरवून झाल्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसलेला नवरा म्हणाला, "तिले काय समजते? दवाखाना लिहा."

"भाऊ, तुमी बाहीर जा."

"काहून? मी नवरा आहो तिचा."

मी कपाळाला हात लावला. दुसरा कोणीही 'दवाखाना' लिहून मोकळा झाला असता.

"मीबी नवराच होतो," काका म्हणाले. "आमच्या घरचीले डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशन करता का गोळ्याईवर राहता? तिनं तोंड उघडाच्या आंधीच मी बोललो, ऑपरेशन करा. त्या टेबलावरून ती वापस आली नाई. तिच्या मनात काय होतं, मले आजवर मालूम नाई."

नवरा उठला. दार लागल्याचा आवाज आला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि त्याचा मला रागच आला. ऑफिसात हे असलं चालत नाही.

बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मले घरीच पायजे. अकोल्याले जाऊन आली का अंगात काईच राहत नाई. घरी असली तं पोरीच्या वेन्या तरी घालता येतीन." आणि पुढे बोलतच राहिल्या. एवढं बोलणारी बाई गप्प कशी बसली होती, देव जाणे. पुण्याला काय कळवायचं ते मी तिथेच ठरवलं. माणूस डोक्याला ताप आहे, पण ठेवा.

शेवटाकडे काकांनी एक प्रश्न विचारला. तो प्रश्नावलीत नव्हता. असे प्रश्न दिसले की मी तिथल्या तिथे थांबवतो. त्या दिवशी थांबवला नाही.

"ताई, आमच्या घरचीनं काय म्हटलं असतं?"

बाईंनी मोबाईल जवळ घेतला.

"दादा, तिच्या जागी मी कशी बोलू?"

"बराबर हाय," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.